सणासुदीला घरातली जुनी नाणी: आपलेही अनुभव लिहावेत

घरात सण आला की संग्राहकाचा आपल्या नाण्यांवरचा हक्क चार दिवसांपुरता संपतो. गेल्या लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, आमच्या फोंड्याच्या घरी, पूजेत ठेवण्यासाठी मी 1881ची चांदीची पोर्तुगीज रुपिया काढली आणि अल्बम मेजावर उघडाच राहिला, एवढीच माझी चूक. समई, ताम्हन, पळी यांच्याबरोबर आईने माझ्या अकरा शिवरायाही (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) चिंचेच्या कोळात भिजवल्या, राखेने घासल्या आणि पाटावर ओळीने मांडल्या. संध्याकाळी मी पाहतो तो त्या कालच टांकसाळीतून आल्यासारख्या लखलखत होत्या. ज्याला आम्ही पॅटिना म्हणून जिवापाड जपतो, तो दोन शतकांचा तपकिरी थर मोरीतून वाहून गेला होता, आणि त्याच्यासोबत एका नाण्यावरच्या 'श्री राजा शिव' या अक्षरांतला झिजत आलेला 'शि'सुद्धा. मी काही बोलण्याआधीच आई म्हणाली, "महाराजांना देवापुढे असे काळवंडलेले ठेवायचे होते का रे?" यावर उत्तर मला अजून सुचलेले नाही. आपल्याही घरी असे काही घडले असल्यास लिहावे. नाण्याचा तपशील द्यावा, मात्र घरच्यांची नावे देऊ नयेत, कारण त्याच घरात पुन्हा जेवायचे असते. आधी आलेले काही अनुभव खाली देत आहे.

म्हापशाहून: नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावरची मुले नरकासुराला मिशा चिकटवत होती. त्यांना गंमत म्हणून मी क्षत्रप नहपान या शक राजाचे चांदीचे नाणे भिंगाखाली दाखवले. सरळ लांब नाक आणि मिशी पाहून मुलांनी एकमुखाने निकाल दिला, की हाच नरकासुर. मग मी त्यांना सांगितले, की 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली आणि त्यांपैकी नऊ हजारांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला तीन कमानींचा डोंगर ठोकलेला होता. त्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे त्याने नऊ हजार वेळा वध केला, आणि आम्हाला एकदा जाळण्यासाठी एवढी वर्गणी!"

मडगावहून: भाऊबीजेला बहिणीच्या तबकात मी पोर्तुगीज गोव्यातले 1959चे सहा एस्कुदोंचे नाणे ऐटीत टाकले. ती बँकेत आहे. सहा एस्कुदो म्हणजे एक रुपिया हा जुना हिशेब तिने तिथल्या तिथे केला आणि ओवाळण्याचे निरांजन हातात तसेच धरून उरलेल्या रकमेची वाट पाहत उभी राहिली.

डिचोलीहून: आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या नाताळच्या गोठ्यात बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांपैकी एकाच्या हातात काहीच नव्हते. सोने आणणारा राजा रिकाम्या हाताने आलेला बघवेना, म्हणून मी विजयनगरच्या कृष्णदेवरायाचा अर्धा वराह, म्हणजे सोन्याचे नाणे, त्याच्यापुढे ठेवला. नाणे करंगळीच्या नखाएवढे, वजन पावणेदोन ग्रॅमच्या आत. त्यावर लोण्याचा गोळा घेतलेला बाळकृष्ण असल्याने एका बाळाला दुसऱ्याची सोबत झाली, असे शेजारीणबाईंना वाटले आणि त्यांनी तो कौतुकाने पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी बाळकृष्ण गोठ्यातून नाहीसा झाला. सजावटीसाठी रुजवलेल्या नाचणीच्या रोपांत तो तीन राजांच्या सणानंतर, सगळे उपटताना, मुळांत अडकलेला सापडला. बाईंनी तो स्वच्छ धुऊन आणून दिला. धुताना काय वापरले, हे मी विचारले नाही.