गाण्याच्या सिनेमांवरचा पॉडकास्ट: ऐकायचा, की सरळ गाणंच लावायचं?

रामबागवाली
रविवारी भिशीत एक मैत्रीण म्हणाली, पॉडकास्ट म्हणजे नुसती बडबड. मला फार लागलं ते, म्हणून इथे लिहितेय. संगीतावरचे सिनेमे आणि डॉक्युमेंटरी यांवर गप्पा मारणारा एक हिंदी पॉडकास्ट मी दोन महिन्यांपासून ऐकतेय, सकाळी पोहे वाफेला ठेवले की फोन ओट्यावर आणि इअरफोन एकाच कानात, दुसरा कान कुकरच्या शिट्टीला. परवा 'बैजू बावरा'चा भाग होता. १९५२ चा सिनेमा, जुगलबंदीत तानसेनाचा आवाज आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा आणि बैजूचा द. वि. पलुस्करांचा, हे सगळं लहानपणापासून माहीत होतं हो, पण मी नेहमी बैजू कधी जिंकतो तेच बघत बसायचे. पॉडकास्टवाले ते दोघं म्हणाले, हारजीत सोडा, देसी रागात कोण कसा शिरतो तेवढं ऐका. गॅस बंद केला, गाणं लावलं, तीनदा ऐकलं. पोहे गार.

राजेंद्रनगरचे काका
ताई, तुमचा आनंद खरा आहे, पण मला पटत नाही. तासभर बोलणं आणि गाणं जेमतेम वीस सेकंद, कारण कॉपीराइटचं लफडं. खाँसाहेबांचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला झुमरा ताल घ्या, चौदा मात्रा, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायला केवढा वेळ, तो वेळ बसून काढायचा असतो, मधे कोणी समजावून सांगायला नको. माझा भाचा आजकाल मेरुखंड मेरुखंड करून राहिलाय, म्हणजे स्वरांची उलटापालट करून गायची खाँसाहेबांची ती पद्धत. विचारलं, बाबा, त्यांचा मारवा राग ऐकलास? तर नाही! नुसते शब्द जमा होऊन राहिलेत पोरांकडे.

देवासकर
काका, भाच्याला रागवा की, पॉडकास्टला कशाला? फिल्म्स डिव्हिजननं १९७० मध्ये खाँसाहेबांवर फिल्म केलीय, एस. एन. एस. शास्त्रींनी, मी जन्मभर इंदूर-देवास अप-डाउन करतोय आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं, याच पॉडकास्टवर कळलं. देवासच्या कुमार गंधर्वांवर जब्बार पटेलांची 'हंस अकेला' आहे तीही तिथूनच कळली, म्हणजे ज्यांच्या गावात राहतो त्यांच्यावरची फिल्म! थिएटरला असलं काही लागत नाही, मग माणसाला कळणार कुठून?

तानपुरा_सुदामानगर
मी गाणं शिकते. माझी तक्रार वेगळी आहे, त्यांना सगळंच आवडतं. मोझार्टवरच्या 'अमाडेउस' सिनेमाच्या भागात आठ ऑस्कर, आठ ऑस्कर चाललं होतं पण त्याच्या काळातल्या संगीतकार सालिएरीनं मोझार्टला संपवलं याला इतिहासात पुरावा नाही, हे एका वाक्यात उरकलं. एका खऱ्या संगीतकाराची बदनामी झालीय ना त्यात. आणि श्रोते खाली वा वा लिहितात, एकही जण विचारत नाही. प्रेम आहे म्हणून तर विचारायला हवं.

रामबागवाली
तानपुरा, हे मात्र कबूल, मीही वा वा लिहिणाऱ्यातलीच आहे, आता विचारेन. पण काका, तुम्हाला घरात तानपुरा ऐकत वाढायला मिळालं, आमच्याकडे रेडिओसुद्धा सासरे बातम्यांपुरता लावायचे. मला कोणीतरी इथे कान दे म्हणून सांगावं लागतं, त्यात कमीपणा काय? गाणं शिकणाऱ्या शिष्यावरच्या 'द डिसायपल' या मराठी सिनेमात आदित्य मोडक आणि अरुण द्रविड हे खरे गायकच आहेत, हे ऐकून मी तो सिनेमा परत लावला आणि गुरू शिष्याला थांबवून दुरुस्त करतात तिथे पहिल्यांदा मला चूक नेमकी कुठे आहे ते शोधावंसं वाटलं. सापडली नाही. पण शोधली.

राजेंद्रनगरचे काका
हे वाचून जरा थांबलो. तरी माझं म्हणणं आहे की आधी गाणं, मग बोलणं. भाच्याला शनिवारी संध्याकाळी बोलावलंय, मारवा लावणार, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. तो बैजू बावरावाला भाग कितवा आहे तेवढं सांगा, तो रात्री जेवण झाल्यावर ऐकू.