मदत हवी आहे : घरची ओढाताण आणि १३ ते १७ वयाची मुलं

घरच्या तंगीचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो हे पाहायला इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर भागातल्या मराठी मुलांसाठी डब्ल्यूएचओ-५ ही जागतिक आरोग्य संघटनेची, मन कसं आहे ते विचारणारी पाच वाक्यांची प्रश्नावली वापरायची आहे. मागच्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत होतं का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजंतवानं वाटलं का, दिवस आवडीच्या गोष्टींत गेला का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज गुणिले ४. ५० किंवा कमी आले तर मुलाशी निवांत बोलायचं. तो आकडा म्हणजे आजाराचं निदान नव्हे.

अडचण पैशाच्या प्रश्नाची आहे. "घरची कमाई किती?" विचारलं की पोरं गप्प होतात किंवा फुगवून सांगतात. त्यापेक्षा "पैशांमुळे क्लास, सहल, मित्राच्या वाढदिवसाला जाणं, यातलं काय सुटलं?" असं विचारावं का? आई शेजारी बसलेली असेल तर सगळीकडे ५ लिहिले जातात, म्हणून कागद घरी द्यायचा नाही. परीक्षेचा पंधरवडाही टाळायचा, नाहीतर ताण परीक्षेचा आणि दोष गरिबीला.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९२०-२१ मध्ये जन्मलेल्या, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या मुलांवर १९३० च्या दशकातल्या महामंदीचा परिणाम अभ्यासला. तंगीची झळ बरीचशी आईवडिलांच्या तणावातून पोचत होती. म्हणून घरातल्या भांडणांबद्दलही विचारायला हवं, पण कोणत्या शब्दांत?

आपल्याकडची मुलं अर्धं हिंदीत बोलतात. "प्रसन्न" त्यांना पुस्तकी वाटतं. "मस्त" फार सैल. नेमका शब्द सुचवा. फार खचलेल्या मुलासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ कागदावर छापणारच आहोत.