शब्दचर्चा : ‘मतमूल्य’, ‘संक्रमणीय मत’ आणि ‘फुटलेली मतं’

शब्दवेडी :
आपल्या राष्ट्रपतींची निवड कशी होते, यावर शाळेतल्या मुलांसाठी मराठीत एक टिपण लिहिते आहे. सगळीकडे एकच वाक्य सापडतं, ‘आमदार आणि खासदार मतदान करतात.’ पुढे ‘मतमूल्य’ येतं. मूल्य म्हटलं की मुलांना किंमत आठवते, आणि मताची किंमत हा शब्दप्रयोग निवडणुकीत चांगल्या अर्थाने येत नाही. ‘मताचं वजन’ लिहिलं तर चालेल का?

सह्यकडा :
आधी ते वाक्यच दुरुस्त करा. मराठीत विधान परिषदेच्या सदस्यालाही आपण आमदारच म्हणतो, आणि त्याला या निवडणुकीत मत नाही. मत आहे ते विधानसभेच्या आमदारांना, तेही निवडून आलेल्या. खासदारांचंही तसंच. राज्यसभेवर नियुक्त झालेल्या १२ जणांना मत नसतं. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ खासदार होता. त्या काळात राष्ट्रपतिपदाच्या दोन निवडणुका झाल्या, पण तो मतदार नव्हता. तेव्हा ‘निवडून आलेले’ हे दोन शब्द गाळू नका, सगळी मेख त्यांतच आहे. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभाही यात येतात.

आता ‘मतमूल्य’. मूल्य म्हणजे नुसती किंमत नव्हे. गणितात आपण ‘स्थानिक मूल्य’ म्हणतो, त्यातला अर्थ इथे आहे. मुलांना तो शब्द पाठ असतो, मग ‘वजन’ कशाला? ‘वजन’ म्हटलं की त्या आमदाराचं मंत्रालयात किती वजन आहे, तिकडे मन जातं.

आणि मूल्य काढून दाखवा, म्हणजे शब्द आपोआप कळेल. राज्याची १९७१ची लोकसंख्या घ्यायची, विधानसभेच्या निवडून द्यायच्या जागांनी भागायची, मग १०००ने भागायची. बाकी ५०० किंवा त्याहून जास्त उरली तर एक वाढवायचा. गोव्याचं बघा : ७,९५,१२० भागिले ४० म्हणजे १९,८७८. हजाराने भागलं की १९ आणि बाकी ८७८, म्हणून २०. महाराष्ट्राचं ५,०४,१२,२३५ भागिले २८८, हजाराने भागून १७५. सिक्कीमच्या आमदाराचं ७, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८. म्हणजे सिक्कीमचे २५ आमदार मिळून महाराष्ट्राच्या एका आमदाराइतके होतात.

खासदारांचं मूल्य मात्र राज्यागणिक बदलत नाही. देशभरातल्या आमदारांच्या मूल्यांची बेरीज निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायची. २०२२ साली ते ७०० आलं. राज्यांच्या विधानसभा एका पारड्यात आणि संसद दुसऱ्या, दोन्ही जवळपास सारख्या भाराच्या, असा घटनाकारांचा हेतू आहे. मला ही योजना फार मोलाची वाटते. दिल्लीतल्या बहुमताने परस्पर राष्ट्रपती नेमावा, असं तिच्यामुळे होत नाही.

शब्दवेडी :
‘स्थानिक मूल्य’ पटलं, ‘मतमूल्य’च ठेवते. पण ‘एकल संक्रमणीय मत’? संक्रमण म्हटलं की मुलं साथीच्या रोगाकडे वळतात.

मांडवी :
तो अर्थ हिंदीतून आला, ताई. आपल्याकडे रोगाला ‘संसर्ग’ आहेच. संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. संक्रांतीला सूर्य धनूतून मकरेत जातो, तेच. मतदार उमेदवारांना १, २, ३ अशी पसंती देतो. मत एकच, पण त्या पसंतीप्रमाणे ते एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, म्हणून संक्रमणीय. बोली मराठीत ‘पुढे सरकणारं मत’ म्हणा.

कसं सरकतं ते १९६९च्या निवडणुकीत दिसतं, आणि त्यात आपला माणूस आहे. उमेदवार १५, त्यांत मुख्य तीन : व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि चिंतामणराव देशमुख. हे तेच चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. वैध मतमूल्य भरलं ८,३६,३३७. त्याला दोनने भागून येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवायचा, तो जिंकायला लागणारा कोटा : ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. कोटा कुणीच गाठला नाही. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे सरकत गेल्या. शेवटी चिंतामणरावांच्याही सरकल्या. त्यांतल्या बहुतेक रेड्डींकडे गेल्या, तरी गिरी ४,२०,०७७वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७वर राहिले. दुसरी पसंती मोजून निकाल लागण्याची वेळ आजवर त्या एकाच निवडणुकीत आली.

म्हणून ‘सर्वाधिक मते मिळवून विजयी’ असं लिहू नका. सर्वाधिक तर गिरींना पहिल्या फेरीतही होती, पण तेवढ्याने ते राष्ट्रपती झाले नव्हते. ‘कोटा पार केला’ किंवा ‘निम्म्याहून अधिक मतमूल्य मिळवले’ हेच बरोबर.

मुलांना आवडेल अशी एक गोष्ट : पसंती आकड्यातच लिहायची. मराठी १ चालतो, इंग्रजी किंवा रोमन आकडाही चालतो, पण अक्षरांत ‘एक’ लिहिलं की मत बाद.

सह्यकडा :
‘मतं फुटली’बद्दल कुणीच बोललं नाही, आणि मला तोच प्रयोग सगळ्यांत खटकतो. दर निकालानंतर मथळा ठरलेला, ‘अमुक पक्षाची मते फुटली’. फुटायला आधी बांधलेलं असावं लागतं. या निवडणुकीत व्हिप म्हणजे पक्षादेश काढता येत नाही, मतदान गुप्त असतं, पक्षांतरबंदीही लागू होत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, इथे तसं काही नाही. १९६९लाच इंदिरा गांधींनी विवेकबुद्धीनुसार मत द्या असं सांगितलं, आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी हरले. फुटला तो पक्ष, नोव्हेंबरात. मतं आपापल्या जागी मोकळीच होती.

शब्दवेडी :
मग काय लिहू?

सह्यकडा :
‘पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मतदान.’ लांब आहे, पण खरं आहे. आणि पक्षानेच भूमिका घेतली असेल तर तेही नाही. २००७ साली शिवसेनेने आपल्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीने पाठिंबा दिलेले अपक्ष उमेदवार भैरोसिंह शेखावत यांना सोडून प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला, तो जाहीर करून. तिथे ‘पाठिंबा दिला’ एवढंच लिहायचं.