मदत हवी आहे: ओरँगउटान केंद्रासाठी क्षयरोगाची चाचणी

नमस्कार. बोर्निओतील एका ओरँगउटान पुनर्वसन केंद्रात आठ आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करण्यासाठी मी अर्ज केला असून, माणसाचा क्षयरोग किंवा साधी सर्दीसुद्धा या प्राण्यांना होऊ शकत असल्याने केंद्राने मला क्षयरोग नसल्याचा पुरावा मागितला आहे. मागणी रास्तच आहे. अडचण अशी की, क्षयरोगासाठी त्वचेत टोचून करतात ती माझी मांटू चाचणी पॉझिटिव्ह आली. टोचल्या जागी तिसऱ्या दिवशी १२ मिलिमीटरचा टणक फुगवटा होता. लहानपणी क्षयरोगाची बीसीजी लस घेतलेल्यांच्या बाबतीत असे होऊ शकते, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये काही आढळले नाही, ताप-खोकला नाही आणि घरात कोणालाही क्षय झालेला नाही. हे सारे कळवूनही ‘निगेटिव्ह अहवाल पाठवा’ एवढेच उत्तर आले. काम फळे चिरण्याचे आणि पिंजरे धुण्याचे आहे. पिल्लांना हाताळण्याचे नाही, तरीही नियम तोच.

बीसीजीमुळे न फसणारी आयग्रा ही रक्तचाचणी करून घेण्याची माझी तयारी आहे, मात्र ती महाग असल्याने आधी विचारतो: भारतातून अशा केंद्रात गेलेल्या कोणाचा आयग्रा अहवाल मांटूऐवजी स्वीकारला गेला आहे का, आणि तो अहवाल प्रवासाला निघण्यापूर्वी किती आठवड्यांच्या आतला असावा लागला?