प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या आणि कॅन्सरची भीती

प्रश्न : किडनी बसवून 6 वर्षं झालेल्या रुग्णाला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन चालू आहे. या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणतात. डोस कमी करावा का?

उत्तर 1 : स्वतःहून अर्धी गोळीही कमी करू नका, शरीराने किडनी नाकारली तर पुन्हा डायलिसिस! धोका मात्र खरा आहे, सर्वसाधारण लोकांपेक्षा साधारण 2 ते 3 पट. या औषधांनी टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दबतात आणि विषाणूंवरचा पहारा ढिला पडतो. म्हणूनच एपस्टाइन-बार विषाणूमुळे होणारा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) किंवा एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कॅन्सर जास्त दिसतो. मानेत-काखेत गाठ, उतरत नसलेला ताप, वजन घटणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

उत्तर 2 : टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी सकाळची गोळी घेण्याआधी, आदल्या डोसनंतर 12 तासांनी तपासतात. गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फुगतो आणि डोस चुकीचा ठरतो. फार जणांचं इथेच चुकतं.

उत्तर 3 : त्वचा विसरू नका. गोऱ्या कातडीच्या रुग्णांत स्क्वेमस कॅन्सर (त्वचेच्या वरच्या थरातला) कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे कमी, पण न भरणारी जखम, खवल्यांचा चट्टा दाखवायलाच हवा. अझाथायोप्रिन या काहींना चालू असलेल्या अशाच गोळीने त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. तोंडात पांढरा चट्टा आहे का, तेही आरशात बघा. तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. कॅन्सर निघालाच तर डॉक्टर कधी सिरोलिमस या किडनी टिकवणाऱ्या दुसऱ्या गोळीवर नेतात, पण त्याने तोंड येतं, लघवीतून प्रथिनं जातात.