जुन्या संघावर गोल: निष्ठा, भीड की मुलाहिजा?

अनुवादी: सप्टेंबर २०१४ मधल्या मँचेस्टर सिटी–चेल्सी फुटबॉल सामन्यावरचा लेख मराठीत करतेय. १३ वर्षं चेल्सीकडून खेळलेला लॅम्पार्ड सिटीचा बदली खेळाडू म्हणून उतरला, ८५व्या मिनिटाला बरोबरीचा गोल मारला, पण जल्लोष केला नाही. मी लिहिलं, ‘माजी सहकाऱ्यांवरच्या निष्ठेपोटी’. संपादकांनी ‘निष्ठा’ खोडलं. त्यांच्यावरच गोल मारला, मग निष्ठा कसली, म्हणतात. दुसरा शब्द सुचवा.

मधलीफळी: संपादकांचं बरोबर आहे. निष्ठा म्हणजे टिकून राहणं. १९९३ मध्ये इटलीतला फिओरेन्टिना संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तरी त्यांचा आघाडीचा खेळाडू बातिस्तुता तिथेच राहिला, ती निष्ठा. पुढे नोव्हेंबर २००० मध्ये रोमा संघाकडून त्याच फिओरेन्टिनावर गोल मारल्यावर त्याला रडू आलं. त्याला मी ‘भीड’ म्हणेन.

जुनीपोथी: भीड मुळीच नको. भिडेखातर माणूस मनातलं करायचं टाळतो. बातिस्तुताला भीड पडली असती तर त्याने गोलच मारला नसता!

मधलीफळी: माझी आजी ‘मोठ्यांची भीड ठेव’ म्हणायची, त्यात आदरच असायचा. मला तर हा शब्द ‘भिडणे’वरून आला असावा असं वाटतं. मनाला भिडतं त्याची भीड.

जुनीपोथी: ही ओढाताण झाली. ‘भिणे’ जास्त जवळचं वाटतं.

बचावपटू: ‘मुलाहिजा’ घ्या की! २००९ मध्ये आर्सेनलच्या माजी खेळाडूने, अदेबायोरने, सिटीकडून आर्सेनलवर गोल मारला आणि अख्खं मैदान पळत ओलांडून आर्सेनलच्याच प्रेक्षकांपुढे जल्लोष केला. त्याने मुलाहिजा ठेवला नाही, लॅम्पार्डने ठेवला.

जुनीपोथी: ‘आदर’ असताना अरबी शब्द कशाला?

बचावपटू: ‘इमान’ही अरबीच, ते लिहिताना कोण अडखळतं? शिवाय आदर अनोळखी माणसाबद्दलही वाटतो. मुलाहिज्यामागे जुनी ओळख असते, आणि इथे सगळं तिच्यावरच तर आहे.

पेनल्टी: सरळ ‘खिलाडूवृत्ती’ लिहा.

अनुवादी: नाही बसत. डिसेंबर २००० मध्ये एव्हर्टनचा गोलरक्षक जखमी होऊन पडला, तेव्हा वेस्ट हॅमच्या डी कॅनिओने गोलची संधी सोडून चेंडू हातात धरला. ती खिलाडूवृत्ती. तो काही एव्हर्टनचा माजी खेळाडू नव्हता. लॅम्पार्डचं वागणं जुन्या नात्यातून आलेलं आहे.

जुनीपोथी: मुळात ‘खिलाडू’वर हिंदीची छाप आहे. ‘खेळाडूवृत्ती’ लिहावं.

पेनल्टी: अजिबात नाही. ‘खिलाडूपणे हार मानली’ म्हणतो, ‘खेळाडूपणे’ कोण म्हणतं? मैदानावर उतरतो तो खेळाडू. खिलाडू हा स्वभाव आहे, आणि तो प्रत्येक खेळाडूत असतोच असं नाही.

जुनीपोथी: रुळलं म्हणून बरोबर ठरत नाही.

पेनल्टी: भाषेत तसंच ठरतं.

अनुवादी: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. ‘जुन्या सहकाऱ्यांची जाण ठेवून’ चालेल?

बचावपटू: जाण उपकारांची ठेवतात. सहकारी उपकार करत नाहीत, बरोबरीने खेळतात.

मधलीफळी: बरोबरीने खेळणाऱ्याचंही ऋण असतंच. लॅम्पार्डच्या कितीतरी गोलांमागे कुणाचा तरी पास होता.

जुनीपोथी: ‘पास’ कशाला? ‘सोपवलेला चेंडू’ म्हणा.