वाचनालयात ‘ओ आझार बाल्ताझार’ दाखवायचाय, काय काय बघावं?

मालवणकर: फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँचा १९६६चा सिनेमा. कृष्णधवल, ९५ मिनिटं, एका गाढवाचा जन्मापासून मरणापर्यंतचा प्रवास. आमचे प्रेक्षक रात्रभर दशावतार बघणारे आहेत, पण इतकी शांतता त्यांना झेपेल का? आधी काय सांगावं? हॉलवर पत्रे आहेत.

पडवी: कथा सांगू नका. एवढंच सांगा, की माणसांच्या चेहऱ्यांवर भाव शोधू नका. ब्रेसाँ बहुतेक हौशी माणसं घ्यायचा आणि अभिनय गळून पडेपर्यंत त्यांच्याकडून तेच तेच करून घ्यायचा. दशावतारात राजा आला की त्याची चाल, त्याचा आवाज सगळं सांगतो. इथे ते काम हात, पावलं, दारं करतात. सर्कशीचा प्रसंग नीट बघायला सांगा. बाल्ताझारला, म्हणजे त्या गाढवाला, पिंजऱ्यांपुढून नेतात. वाघ, पांढरं अस्वल, माकड, हत्ती. प्रत्येकाशी नुसती नजरानजर, पार्श्वसंगीत नाही. त्याला काय वाटलं असेल, हे आपलं आपणच ठरवायचं.

गाढवाच्या एकामागून एक येणाऱ्या मालकांची पापं मोजायला लागलं की गाढव हातचं जातं. नाथांनी रामेश्वराला न्यायचं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, ती गोष्ट चर्चेत जरूर काढा, पण सिनेमा संपल्यावर. आधी काढलीत तर सगळे नाथांची वाट बघत बसतील, आणि इथे माया करणारं कुणी आलं तरी टिकत नाही.

खाडीकाठ: पत्रे असतील तर पावसाळ्यात नकोच, दिवाळीनंतर लावा. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत शूबर्ट या संगीतकाराचा पियानो चालू असताना मध्येच गाढव ओरडतं. सिनेमाची किल्ली तिथेच आहे. घंटा, खूर, साखळी ऐकू यायला हव्यात, म्हणून पंखे कमी ठेवा. मध्यंतर करू नका, चहा आधीच उरका.

चित्राची रुंदी उंचीच्या १.६६ पट आहे. दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या राहणारच. प्रोजेक्टरवर ताणून त्या घालवल्यात तर गाढव बुटकं दिसेल.

मालवणकर: मराठी सबटायटल्स आम्हीच करतोय.

खाडीकाठ: उत्तम, संवाद थोडेच आहेत. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसतील. एका वेळी दोनच ओळी. प्रत युरोपीय डीव्हीडीची असेल तर ती सेकंदाला २५ फ्रेमने पळते आणि ९१ मिनिटांत संपते. सिनेमाच्या मूळ २४ फ्रेमच्या हिशेबाने लावलेल्या ओळी शेवटाला जवळजवळ चार मिनिटं मागे पडतात. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ जुळवून बघा, मगच पत्रिका छापा.